दोघांत मिळून एक तब्येत

शहर बससेवेत त्याला सगळे ससाणा म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर 'साहेब'. पण तो डेपोच्या फाटकातून आत आला की 'ससाणा आला रे' ही बातमी त्याच्या आधी चहाच्या टपरीवर पोचायची, आणि ज्याच्या पिशवीत काही काळंबेरं नाही तो कंडक्टरही उगाच पिशवी चाचपून बघायचा.

दिसायला म्हणाल तर ससाण्याचं त्याच्यात काही नव्हतं. पोट सुटलेलं, गुडघे कुरकुरणारे, आणि केसांचा काळा रंग कानांवर उतरलेला. नाव पडलं होतं ते नजरेमुळे. तो तिकीट तपासनीस होता, म्हणजे लोकांच्या भाषेत चेकर. बस कितीही खचाखच भरलेली असो, फुकट्या कोण हे त्याला चढल्या चढल्या कळे. त्याचं शास्त्रही साधं होतं. "खऱ्या माणसाला तिकीट सापडत नाही," तो नव्या चेकरांना शिकवी. "तो चार खिसे उलटे करतो, लाजतो, घाम पुसतो. ज्याच्या हातात तिकीट आधीपासून तयार असतं आणि जो ते हसत हसत पुढे करतो, त्याची तारीख नीट बघा."

दुसरी गोष्ट, तो थांब्यावर कधी चढत नसे. थांब्यावर सगळेच सावध असतात. तो चढायचा सिग्नलला, वळणावर, नाहीतर ड्रायव्हर गाडी हळू करून पानवाल्याला हाक मारत असेल तिथे. आणि तिसरी गोष्ट म्हणजे तो सोडत नसे. म्हातारी असो, पुढारी असो, दंड म्हणजे दंड. सख्ख्या मामाला त्याने भर बसमध्ये दंड लावला होता. मामा तेव्हापासून त्याच्याशी बोलत नाही. आई बोलते, पण फिरून फिरून मामावरच येते.

आणि या ससाण्याचा बाप कोण, तर जन्मभर बसमध्ये घंटी मारलेला कंडक्टर. सशाच्या पोटी ससाणा, असं बाबा स्वतःच सगळ्यांना सांगत. पोरगा चेकर झाला त्या दिवशी त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "आमच्या जातभाईंना आता तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस." हे ते इतक्या कौतुकाने म्हणाले, की ससाण्याला ते आशीर्वादासारखंच वाटलं.

आई आणि बाबा जुन्या घरात दोघंच राहत. दुसरा मजला, लिफ्ट नाही, जिना उभा. बाबांना बीपी होतं आणि आईला शुगर. बरीच वर्षं ही दोन दुखणी घरात पाळलेल्या मांजरांसारखी गप्प पडून होती. मग एकदा बाबांना जिन्यात चक्कर आली. ते कसेबसे पायरीवर बसले, पण हातातली पिशवी सुटली आणि त्यातले बटाटे एकेक पायरी उतरत थेट तळमजल्यावर गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी आईच्या तळपायाला जखम झाली, चिघळली, आणि तिला स्वतःला पत्ताच नाही. बाबांनी चपलेवर डाग बघितला तेव्हा कुठे कळलं.

मग ससाणा आणि ताई यांची स्वयंपाकघरात बैठक बसली. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. ती मुख्याध्यापिका होती आणि घरीदारी सारखीच मुख्याध्यापिका होती. बाहेरच्या खोलीत टीव्ही मोठ्याने चालू होता, त्यामुळे दोघं मोकळेपणी बोलली.

"माझ्याकडे एकच पलंग टाकायला जागा आहे," ताई म्हणाली.

"माझ्याकडेही एकच," ससाणा म्हणाला.

"मग बाबांना तू ने. तुझ्याकडे लिफ्ट आहे. आईला मी नेते. दवाखाना माझ्या दारात आहे."

प्रश्न असा चटकन सुटला की दोघांनाही स्वतःचं कौतुक वाटलं. बाहेरच्या टीव्हीचा आवाज मधेच कधी बंद झाला, याकडे मात्र दोघांपैकी कोणाचंच लक्ष नव्हतं. ताईने बाहेर येऊन निकाल जाहीर केला. लगेच नाही, पुढच्या तपासणीपर्यंत वाट बघू. रोज सकाळी घरीच बीपी मोजायचं, शुगर मोजायची. दोन्ही मशीनं तिने आणूनच ठेवली होती. "पण एकदा जरी आकडे बिघडले," ती म्हणाली, "तर मग मला काही सांगायचं नाही. आई माझ्याकडे, बाबा त्याच्याकडे."

आईने दोन्ही मशीनं आपल्याकडे ओढून घेतली. बाबांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली. इथेच खरं तर ससाण्याने ओळखायला हवं होतं, पण घरच्या माणसांवर नजर चालत नाही म्हणतात तेच खरं.

आकडे सुधारले. सुधारले म्हणजे काय, सुधारतच गेले. ड्यूटीवर जायच्या आधी ससाणा डेपोतून फोन करी, आणि त्याने 'हॅलो' म्हणायच्या आत बाबा आकडे सांगून मोकळे होत. बाबांचं बीपी असं, की एखाद्या तरण्याबांड पहिलवानाला हेवा वाटावा. आईची शुगर अशी, की जन्मात साखरेचं तोंड पाहिलं नसावं. ताई म्हणाली, हा मी लावलेल्या पथ्याचा गुण. ससाणा म्हणाला, हा मी ठेवलेल्या नजरेचा गुण. डॉक्टर म्हणाले, गोळ्या मीच दिल्या होत्या. आणि एवढे छान आकडे येतायत म्हटल्यावर त्यांनी दोघांच्याही गोळ्या कमी केल्या.

सगळे आनंदात होते. फक्त ससाण्याला रात्री कुशीवर वळताना काहीतरी टोचायचं, आणि काय टोचतंय ते कळायचं नाही. एकदा बसमध्ये एक गृहस्थ त्याला बघताच हसले आणि त्यांनी आपण होऊन तिकीट पुढे केलं. ससाण्याने सवयीने तारीख बघितली. तिकीट आदल्या दिवसाचं निघालं. दंडाची पावती फाडता फाडता त्याचा हात थांबला. रोज सकाळी फोनवर कोण आपण होऊन, हसत हसत, न विचारता पुढे करतं, ते त्याला आठवलं.

त्या दिवसापासून तो अवेळी घरी टपकू लागला. कधी भर दुपारी, कधी सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी. पण केव्हाही जावं तर घरात रामराज्य. आई काकडी खात बसलेली. बाबा गॅलरीत हात मागे बांधून फेऱ्या घालत असलेले. टेबलावर पाण्याचे दोन पेले, आणि बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर, हात पोचणार नाही असा. आई म्हणे, "ये ना रे, अचानक कसा?" आणि 'अचानक' हा शब्द ती असा म्हणे की जणू तिने तो आधी दोनदा म्हणून बघितलाय.

तिसऱ्या की चौथ्या वेळी ससाणा फाटकातून आत न जाता समोरच्या फुटपाथवर थांबला. इमारतीच्या खाली इस्त्रीवाल्याचं टेबल होतं. ससाणा रस्ता ओलांडू लागला, तसं इस्त्रीवाल्याने वर न बघता इस्त्री बाजूला ठेवली, डोक्यावरची टोपी काढली, केसांवरून हात फिरवला आणि टोपी परत घातली. बस, एवढंच. वर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून बाबा आत गेले, आणि आतून डबा फळीवर आदळल्याचा आवाज खाली रस्त्यापर्यंत आला.

ससाणा रस्त्याच्या मधोमध उभाच राहिला. मागून रिक्षावाल्याने शिवी हासडली तेव्हा कुठे हलला. ही खूण त्याला चांगलीच ठाऊक होती. पुढे रस्त्यात चेकर उभा असला की समोरून येणाऱ्या बसचा कंडक्टर टोपी काढून केसांवरून हात फिरवतो, आणि या बसमधला कंडक्टर लगेच आपली पिशवी ठीकठाक करतो. या एका खुणेने आजवर त्याचे किती सापळे वाया घालवले होते! आणि आता साऱ्या जन्मात ज्याला कोणी पकडलं नव्हतं अशा एका निवृत्त कंडक्टरने ती स्वतःच्या घराला लावून घेतली होती.

राग आला, पण खोटं कशाला सांगा, पोटात कुठेतरी हसूही आलं. तो इस्त्रीवाल्याला काही बोलला नाही. उलट "काय, बरं चाललंय ना?" असं विचारून वर गेला, आईच्या हातची काकडी खाल्ली, बाबांच्या फेऱ्यांचं कौतुक केलं आणि परत आला. बस कुठे पकडायची ते आता त्याला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेजारच्या इमारतीत शिरला. दोन्ही इमारतींच्या गच्च्या लागून होत्या, मधे फक्त कमरेएवढी भिंत. लहानपणी पतंगापायी ती भिंत तो एका ढांगेत ओलांडायचा. आता आधी टोपी पलीकडे टाकली, मग एक पाय, मग पोट, आणि मग दुसरा पाय अलीकडेच राहिला. तो भिंतीवर असा आडवा अडकलेला असताना वाळत घातलेल्या चादरीमागून एक बाई आली. तिने त्याला बघितलं आणि काठी उचलली.

"ओरडू नका! मी चेकर आहे," ससाणा म्हणाला.

"इथून कुठली बस जाते?" बाईने विचारलं.

त्याने ओळखपत्र दाखवलं. बाईने ते हातात घेऊन, फोटो आणि चेहरा ताडून बघितला, आणि मग तिनेच त्याचा दुसरा पाय उचलून पलीकडे लोटला. इतकी सखोल तपासणी त्याने स्वतःही कधी कोणाची केली नव्हती.

तो गच्चीवरून जिना उतरून दुसऱ्या मजल्यावर आला. दुधासाठी दार उघडंच होतं. चपला हातात घेऊन तो आत गेला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिला.

टेबलाशी आई-बाबा समोरासमोर बसले होते. त्याला दोघंही बाजूने दिसत होते, पण दाराकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. बीपीचा पट्टा आईच्या दंडाला बांधलेला होता आणि मशीन घुरघुरत होतं. बाबांनी डोळे घट्ट मिटून, तोंड पलीकडे फिरवून, एक बोट पुढे केलं होतं. आई त्या बोटात सुई टोचत होती.

"अगं हळू!"

"हळूच टोचलंय. तुमचं रक्त गोड नाही म्हणून घ्यावं लागतं, नाहीतर मला काय हौस आहे?"

मशीन थांबलं. बाबांनी एक डोळा उघडून आकडा बघितला आणि खुशीत येऊन टेबलावर थाप मारली. "फक्कड! माझं बीपी आज एकदम फक्कड आहे."

"आणि माझी शुगर?"

बाबांनी दुसरं मशीन डोळ्यांजवळ नेलं. "कालच्यापेक्षाही चांगली. बघ, पथ्य पाळलं की फरक पडतो की नाही?"

"मग एक बिस्कीट खाऊ?"

"एक का? दोन खा. नॉर्मल आहेस तू." असं म्हणून बाबांनी स्वतःसाठी मिठाची बाटली पुढे ओढली आणि काकडीवर असा काही हात चालवला, की काकडी दिसेनाशी झाली.

ससाण्याने जन्मभर लबाड माणसं पाहिली होती. पण एकच तिकीट दोघांत फिरवायचं, आणि वर दोघांनीही आपल्याकडे तिकीट आहे असं मनापासून समजायचं, असा नग त्याने पाहिला नव्हता. आईचा रक्तदाब जन्मात कधी बिघडला नव्हता. बाबांच्या रक्तात साखर औषधालाही नव्हती. दोघांत मिळून एक धडधाकट तब्येत होती, आणि ती हे दोघं रोज सकाळी आळीपाळीने वापरत होते.

त्याने खिशातून मोबाइल काढला आणि नेहमीसारखा फोन लावला. बाबांच्या सदऱ्याच्या खिशात घंटी वाजली.

"हां, बोल! लिहून घे, माझं बीपी…"

"घेतो. आधी पट्टा कोणाच्या दंडाला आहे ते सांगा."

"माझ्याच की! तू कुठे आहेस, डेपोत?"

"नाही बाबा. मधेच वळणावर चढलोय."

बाबा वळले. मुलगा दारात उभा, एका हातात चपला, कपड्यांना गच्चीचा चुना. बाबा ताडकन उठले आणि त्यांचा हात आपोआप खांद्याकडे गेला, जिथे एके काळी पिशवी असायची. आईने तेवढ्यात बिस्कीट तोंडात टाकलं. मिळेल तेवढं तरी पदरात पाडून घ्यावं, असा तिचा हिशेब असावा.

"एकदा सोड," बाबा म्हणाले.

"आजवर कोणाला सोडलंय मी?"

"म्हणून तर म्हणतोय. पहिला मान बापाला दे."

ससाणा हसला नाही. त्याने आईच्या दंडाचा पट्टा सोडला आणि बाबांच्या दंडाला बांधला. सुई बदलून आईचं बोट धरलं. आकडे आले. त्याने ते दोनदा बघितले. तो खुर्चीत बसला. हा माणूस एवढ्या बीपीवर रोज तो जिना चढत-उतरत होता, मीठ खात होता, आणि आपण डेपोत बसून शाबासकी देत होतो. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या त्या आपल्याच तोंडून आकडे ऐकून. त्याला बापाचा राग आला, आईचा आला, आणि भीती तर अशी वाटली की लहानपणी जत्रेत बोट सुटलं होतं तेव्हाही वाटली नसेल.

"मरायचंय का तुम्हाला?" तो ओरडला. "गंमत वाटते ही? आई, तू तरी?"

आईने बिस्कीट गिळलं. "ओरडू नकोस. तुमची बैठक ऐकली आम्ही. पलंग एक-एकच आहे म्हणे."

"तुमच्या भल्यासाठीच…"

"हो रे, भल्यासाठीच. तुम्ही मुलं वाईट नाही आहात. पण मला एक सांग, ताईकडे माझ्या डोळ्यांत औषध कोण घालणार? ती सात वाजता शाळेत जाते. हे घालतात तर एक थेंब इकडे तिकडे होत नाही. आणि तुझ्याकडे यांची नखं कोण कापणार? यांना वाकता येत नाही. तू कापशील?"

ससाण्याने बाबांच्या पायांकडे बघितलं. नखं छान गोल कापलेली होती. आईच्या तळपायाच्या जखमेवर स्वच्छ पट्टी होती, आणि पट्टीच्या कडा कात्रीने अगदी सरळ कापलेल्या होत्या. तसं सरळ कापणं त्याच्या ओळखीचं होतं. बाबा वर्तमानपत्रसुद्धा असंच कापत.

"नखं कापणारा मिळतो बाजारात," तो म्हणाला, पण त्याचा आवाज खाली आला होता.

"मिळतो," बाबा म्हणाले. "पण त्याला शिव्या देता येत नाहीत."

त्याने डॉक्टरांना फोन लावला. बाबा खुणेने 'नको नको' म्हणत होते, पण तब्येतीच्या बाबतीत सूट नव्हती. त्याने सगळं खरं सांगून टाकलं. डॉक्टर आधी ओरडले, मग हसले आणि मग पुन्हा ओरडले. गोळ्या परत वाढवल्या. मीठ, साखर आणि तो जिना बंद केला. आता रोज डोळ्यांसमोर कोणीतरी हवं, असं बजावलं. आणि ताईने डॉक्टरांना आपल्याला सगळं कळवायला आधीच बजावून ठेवलेलं असल्यामुळे, संध्याकाळपर्यंत ही सगळी हकिगत ताईपर्यंत पोचली.

रविवारी ताई आली ती दोन रिकाम्या बॅगा घेऊनच. शाळेत कॉपी पकडल्यावर करते तसा तिचा चेहरा होता.

"मला काही ऐकायचं नाही," ती म्हणाली. "ठरलं होतं ना? आकडे बिघडले. नुसते बिघडले नाहीत, चोरले तुम्ही! आई, ही बॅग तुझी. बाबा, ही तुमची. आपापले कपडे भरा. मी तोवर गॅस बंद करते, झाडांची सोय बघते."

ससाणा भिंतीला टेकून उभा होता. त्याने तोंड उघडलं असतं तर ताईने ऐकलं असतं की नाही कोण जाणे. ताईचं चुकत कुठे होतं? दोन म्हातारी माणसं, दोन दुखणी, उभा जिना. आणि तरी आत कपाटं उघडल्याचे आवाज यायला लागले, तसं त्याला तिथे उभं राहवेना. आई बाबांना काहीतरी विचारत होती, बाबा हळू आवाजात सांगत होते.

बॅगा बाहेर आल्या. चेन लावलेल्या. ताईने सवयीने आईची बॅग उघडून तपासली, आणि एक सदरा बाहेर काढला. मग दुसरा. मग बाबांचा लोकरी टोप, दाढीचं सामान, गुडघ्याला लावायचं मलम.

"आई, हे काय आहे?"

"बॅग भरली," आई म्हणाली.

"हे सगळं बाबांचं आहे!"

"हो का?" आई म्हणाली. "मला यांचीच बॅग भरायची सवय."

ताईने बाबांची बॅग उघडली. त्यात आईचे कपडे, तिची शाल, तिची पायाची पट्टी, डोळ्यांचं औषध, तिच्या चष्म्याचं जादा घर. सगळं अगदी व्यवस्थित.

"बाबा, तुमचे मोजे कुठे आहेत?" ताईने परीक्षेत विचारावं तसं विचारलं.

बाबांनी खोलीभर नजर फिरवली. विचार केला. मग मान हलवून म्हणाले, "छे. नाही सांगता येणार."

"कपाटात, दुसऱ्या खणात, डावीकडे," आई म्हणाली.

"आई, तुझ्या गोळ्या?"

आईने बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "माझ्या उशाशी. हिच्या उशाशी ठेवल्या की राहून जातात."

ताई दोन्ही बॅगांच्या मधे खाली बसली. एका हातात सदरा, एका हातात शाल. इतक्या वर्षांची मुख्याध्यापिका अशी सहजासहजी रडत नाही. तिने भावाकडे बघितलं.

"तू चेकर आहेस," ती म्हणाली. "तू सांग. नाटक आहे ना हे?"

ससाणा पुढे झाला. त्याने आधी सदरा बघितला, मग शाल बघितली. शालीची घडी चौकोनी होती, कडेला कड लावलेली, वर हाताने दाबलेली. बाबांनी उभ्या जन्मात कशाचीही घडी घातली नव्हती. ते चादर गोळा करून ठेवत, आणि त्यावरून आई उभं आयुष्य बोलत आली होती. शाल मघापर्यंत आईच्या खांद्यावर होती, आणि ही ताजी घडी तिच्याच हातची होती. म्हणजे दोघांनी कपाटाशी बसून, मिळून, विचार करून या बॅगा भरल्या होत्या.

समोर बाबा उभे होते. ते त्याच्याकडे बघत होते आणि आज त्यांच्या डोळ्यांत मस्करी नव्हती. भीती होती. हा माणूस भितो हे ससाण्याला माहीतच नव्हतं.

"नाटक नाही," तो म्हणाला. "खरंच आहे."

ताई मग रडली. चांगली हुंदके देऊन रडली, आणि रडता रडताच म्हणाली, "मग आता काय करायचं? माझ्याकडे दोघं मावत नाहीत."

"माझ्याकडे मावतील. आमच्या झोपायच्या खोलीत. आम्ही बाहेर अंथरूण टाकू." असं म्हणून झाल्यावर त्याला बायकोची आठवण झाली. त्याने गॅलरीत जाऊन तिला फोन लावला, जरा चाचरतच विषय काढला.

"मी हे पहिल्या दिवशीच म्हणणार होते," बायको म्हणाली. "पण तुम्हालाच त्या पलंगाशिवाय झोप येत नाही. एक पलंग, एक पलंग, असं तुम्हीच सगळ्यांना सांगत होतात."

तो आत आला आणि त्याने दोन्ही बॅगा उचलून दाराशी ठेवल्या.

दुपारी निघाले. पुढे ससाणा आणि बाबा, मागे ताई आणि आई. ताईचं मागून बोलणं चालू होतं. रोज दोघांचंही मोजायचं, ज्याचं त्याच्याच दंडाला, आणि दर रविवारी मी येऊन बघणार. आई सगळ्याला 'हो' म्हणत होती. बाबांचा एक हात मुलाच्या खांद्यावर होता. पायरी उतरताना तो हात जड व्हायचा आणि पुढच्या पायरीवर पुन्हा हलका व्हायचा.

पहिल्या मजल्याच्या वळणावर बाबा दम घ्यायला थांबले. मागच्यांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "कळलं होतं ना तुला?"

"शालीची घडी," ससाणा म्हणाला.

"तरी मी तिला म्हटलं होतं, गोळा करून टाक. ऐकत नाही." बाबांनी श्वास घेतला. "पण मोज्यांचं खरं होतं हां. मला खरंच माहीत नसतं."

"ते माहितीये."

"मग सोडलंस कसं रे? तू तर मामाला नाही सोडलंस."

ससाण्याने बॅग दुसऱ्या हातात घेतली आणि बापाच्या दंडाला धरलं. पट्टा बांधायचा तो दंड केवढासा राहिला होता, हे त्याला आता हात लावल्यावर कळलं.

"बोलू नका," तो म्हणाला. "दम लागेल. कठडा धरा."